निरोप पोचतो, दार उघडत नाही

२००६ सालच्या कापसाच्या हंगामातली गोष्ट. त्या दिवसांत आमच्या परतूरला दवाखान्यातली गर्दी ठरलेली असते. जिनिंगमधल्या तंतूंनी उठलेला खोकला, वेचणीने धरलेली कंबर, बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटे. त्या गर्दीत बाजारपेठेतले एक शिंपी पायाच्या अंगठ्याची जखम दाखवायला आले. वय तेहतीस. अंगाने इतके कृश, की सदरा माणसाने घातला आहे की खुंटीला टांगला आहे, असा प्रश्न पडावा. नवी चप्पल चावली होती आणि तीन आठवडे झाले तरी जखम भरत नव्हती. "दुखते का?" असे विचारले, तर म्हणाले, "नाही डॉक्टरसाहेब, दुखत-बिखत काही नाही." ते मी चांगले लक्षण समजलो. जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, प्रतिजैविके लिहून दिली आणि आठ दिवसांनी यायला सांगितले.

रक्तातली साखर तपासावी, हे मला सुचले नाही असे नव्हे. सुचले होते. पण समोरच्या देहाकडे पाहून मी तो विचार बाजूला सारला. मधुमेह म्हणजे पोट सुटलेल्या, गादीवर बसून व्यापार करणाऱ्या माणसाचा आजार, अशी समजूत माझ्या डोक्यातही तेव्हा पक्की होती.

आठ दिवसांनी अंगठा काळा पडला होता. उपाशीपोटीची साखर तीनशेच्या वर निघाली. त्यांना पुढे पाठवले. तिथे अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट काढावे लागले. जखम दुखत नव्हती, कारण कित्येक वर्षे नकळत वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर केल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी मला जे विचारले ते मी विसरलेलो नाही. "डॉक्टरसाहेब, आमच्या घरात गोडधोड सणालाच होतं. अंगावर मास नाही. मला शुगर कशी झाली?"

तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर आज देतो आहे. उत्तरासाठी थोडे आत, थेट पेशीच्या दारापर्यंत, जावे लागेल.

आपल्या शरीरात सुमारे तीस लाख कोटींहून अधिक पेशी आहेत. आपण ज्वारीची भाकरी खाल्ली, हे मांडीच्या स्नायूतल्या पेशीला आपोआप कळत नाही. तिला ते कोणीतरी सांगावे लागते. शरीरात हे सांगण्याचे काम रेणू करतात. एका अवयवातली पेशी एखादा रेणू रक्तात सोडते, तो दूरच्या पेशीपर्यंत पोचतो आणि ती पेशी आपले वागणे बदलते. वाढायचे की थांबायचे, साठवायचे की खर्चायचे, जगायचे की मरायचे, हे निर्णय पेशी अशा निरोपांवरून घेते. निरोगी शरीर म्हणजे बव्हंशी वेळेवर पोचलेले आणि नीट ऐकलेले निरोप.

भाकरी पचली, की तिच्यातल्या पिठाची ग्लुकोज नावाची साखर होऊन ती रक्तात उतरते. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातल्या बीटा नावाच्या पेशी ही वाढ ओळखतात आणि इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन हा अवघ्या ५१ अमिनो आम्लांचा प्रथिनरेणू. रक्तात त्याचे आयुष्य काही मिनिटांचे. गावात दवंडी फिरावी तसा तो सर्वत्र फिरतो, आणि दवंडीतले जे ज्याला लागू तेवढे त्याने उचलावे तसे प्रत्येक अवयव त्यातले आपले उचलतो. यकृत ऐकते ते असे : अन्न आले आहे, तू घरची साखर बनवणे थांबव. मेदाच्या पेशी ऐकतात : साठवण बाहेर सोडू नका, आत घ्या. स्नायू ऐकतात : दारे उघडा. मेंदू आणि तांबड्या पेशी यांना साखर घेण्यासाठी या दवंडीची गरजच नसते, कारण त्यांचे एक क्षणही अडून चालणार नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. साखर आत घेण्याचे काम इन्सुलिन स्वतः करीत नाही. पेशीच्या आवरणात आरपार बसवलेले एक प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. त्याचा एक भाग बाहेर, एक आत. बाहेरच्या भागाला इन्सुलिन चिकटले, की आतला भाग जागा होतो आणि जवळच्या प्रथिनांवर फॉस्फेटची लहानशी खूण चढवतो. खूण चढलेले प्रथिन पुढच्याला जागे करते, ते त्याच्या पुढच्याला. बादल्या हातोहात देत आग विझवणाऱ्या माणसांच्या रांगेसारखी ही साखळी पेशीच्या आत धावते. तिच्या शेवटी, पेशीच्या पोटात गुंडाळून ठेवलेली साखरेची दारे वर येऊन आवरणात बसतात आणि साखर आत शिरते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेपैकी फार मोठा वाटा या मार्गाने स्नायूंत जातो. शरीरातले साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक स्नायू आहेत, हे पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

थोडे विषयांतर करतो, पण ते उपयोगाचे आहे. फॉस्फेटची खूण चढवणारी अशी अनेक प्रथिने पेशीत असतात आणि त्यांचे बिघाड दोन दिशांनी होतात. कधी कळ दाबली तरी दिवा लागत नाही, कधी कळ सोडली तरी विझत नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन असेच एक प्रथिन कायमचे चालू राहते आणि पांढऱ्या पेशींना 'वाढा, वाढा' एवढाच निरोप देत सुटते. त्या प्रथिनाच्या खाचेत बसून ते बंद पाडणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली आली, आणि काही वर्षांत जीव घेणारा तो आजार बहुतेकांसाठी रोजची गोळी घेऊन संसार करता येईल असा झाला. या औषधाच्या पेटंटचा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली आणि स्वस्त भारतीय गोळीचा मार्ग मोकळा राहिला. पेशीच्या आतली एवढीशी कळ घराघराच्या जमाखर्चाशी कशी जोडलेली असते, याचे हे उदाहरण.

आता मधुमेहाकडे परत. त्याच्या दोन मुख्य प्रकारांत फरक आहे तो निरोपाच्या वाटेवर कुठे बिघाड झाला याचा. पहिल्या प्रकारात, जो बहुधा लहान वयात दिसतो, शरीराची संरक्षणव्यवस्थाच चुकून बीटा पेशींना मारून टाकते. दवंडी देणाराच उरत नाही. अशा मुलाला इन्सुलिन बाहेरून देणे हा एकमेव इलाज आहे. जडीबुटीच्या भरवशावर ते बंद केले, तर मूल काही दिवसांत आम्लविषबाधेने बेशुद्ध पडते आणि दगावू शकते. या बाबतीत मी कोणाशीही वाद घालत नाही. हात जोडतो आणि इन्सुलिन चालू ठेवायला सांगतो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांपुढे उपासमार आणि मृत्यू एवढेच होते.

दुसऱ्या प्रकारात दवंडी फिरते. सुरुवातीला तर नेहमीपेक्षा मोठ्याने फिरते. पण दाराआतली साखळी ढिली पडलेली असते. निरोप पोचतो, दार उघडत नाही. यालाच इन्सुलिनरोध म्हणतात. स्वादुपिंड आवाज चढवते, अधिक इन्सुलिन सोडते आणि साखर कशीबशी काबूत ठेवते. या काळात नेहमीची तपासणी केली तर अहवाल निर्दोष येतो. पुढे वर्षानुवर्षे ओरडून बीटा पेशी थकतात, काही मरतात, आणि मग साखर चढते. म्हणजे ज्या दिवशी अहवालात आजार दिसतो, त्या दिवशी तो बराच जुना झालेला असतो. आमच्या शिंपीदादांचा पाय बधिर व्हायला लागली ती वर्षे हीच.

साखळी ढिली का पडते? एक मोठे कारण म्हणजे नको त्या जागी साठलेला मेद. कातडीखालचा मेद फारसा उपद्रवी नसतो. पण ती कोठारे अपुरी पडली, की मेद पोटातल्या आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंच्या पेशींतही साठू लागतो. तिथे त्याच्यापासून तयार होणारी काही द्रव्ये ग्राहीच्या आतल्या साखळीत खोडा घालतात. शिवाय मेदाची पेशी म्हणजे मुकाट पोते नव्हे, तीही निरोप पाठवते. स्थूल उंदरांच्या मेदातून दाह वाढवणारा एक रेणू बाहेर पडतो आणि तो इन्सुलिनचे काम बिघडवतो, हे १९९३ साली दाखवले गेले. पुढच्याच वर्षी मेदपेशींतून मेंदूला 'पुरे झाले' असे सांगणारे लेप्टिन सापडले. ज्याला आपण नुसती चरबी म्हणत होतो तो बोलणारा अवयव निघाला, आणि पोटातल्या चरबीचे बोलणे फारसे हिताचे नसते.

मग कृश माणसाचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात सर्वांत मोठा वाटा आपल्या पुण्याचा आहे, आणि याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या ध्यानात आले, की आपल्याकडचे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकातल्या मधुमेह्यांपेक्षा तरुण आणि सडपातळ आहेत. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघेही सडपातळ. पण शरीरातला मेद मोजला तेव्हा युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के निघाला. युडकिन मॅरेथॉन धावत, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे, अशी मिस्कील कबुलीही त्या लेखात होती. वजनकाट्याला मेद आणि मांस यांतला भेद कळत नाही, हे त्या दोन चित्रांनी जगाला सांगितले.

आता मला शिंपीदादांचा देह पुन्हा आठवतो. काडीसारखे हातपाय, बसलेले गाल आणि सदऱ्याखाली मडके पालथे घातल्यासारखे थोडेसे पुढे आलेले पोट. ते पोट मी पाहिले होते. त्याचा अर्थ मला वाचता आला नाही.

पण हा बांधा येतो कुठून? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक दीर्घ अभ्यास आरंभला. गर्भधारणेच्या आधीपासून बायकांची नोंद ठेवायची, त्यांचे खाणे, काम आणि वजन मोजायचे, आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घ्यायचा. या आया ठेंगण्या आणि कृश होत्या. गर्भ राहण्यापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. एवढे अपेक्षितच होते. अनपेक्षित निघाले ते पुढचे. पुण्याच्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव फार कमी भरले होते, पण कातडीखालचा मेद मात्र जवळपास राखलेला होता. हाडकुळे दिसणारे बाळ आतून मेदाळ होते. नाळेच्या रक्तात तपासले तेव्हा आपल्या बाळांत इन्सुलिनही गोऱ्या बाळांपेक्षा जास्त निघाले. म्हणजे दवंडीचा आवाज जन्माच्या दिवशीच चढलेला.

याचा अर्थ असा लावला जातो. गर्भाला आईकडून येणाऱ्या पोषणाच्या निरोपांवरून बाहेरच्या जगाचा अंदाज येतो. रसद तोकडी असेल तर तो मेंदू वाचवतो, थोडा मेद गाठीला बांधतो आणि काटकसर करतो ती स्नायू, यकृत आणि स्वादुपिंड यांच्या बाबतीत. असे बाळ आयुष्यभर कष्टाचे आणि अर्धपोटी जिणे जगले तर तो बेत कदाचित निभावून जातो. पण ते मोठे होऊन शहरात आले, खुर्चीवर बसले आणि पोटभर खाऊ लागले, की कमी स्नायू आणि कमी बीटा पेशी यांच्या भांडवलावर त्याला तो सारा भार पेलावा लागतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे दुष्काळ पडला होता. त्या वेळी पोटात असलेल्या मुलांत पुढे मोठेपणी साखर न झेपण्याचे प्रमाण अधिक आढळले.

शिंपीदादांच्या आई तेव्हा हयात होत्या. पट्टी करायला मुलाबरोबर येत. एकदा मी सहज विचारले, "मावशी, यांचा जन्म कोणत्या साली?" त्या म्हणाल्या, "साल कुठलं सांगू? हा पोटात होता तवा मी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मिलो खाऊन दिवस काढले." १९७२ चा तो दुष्काळ मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. मिलोची लाल ज्वारी, सुकडीची वाटी आणि रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग ही त्याची ओळख. एका माणसाच्या आजाराचे धागे असे थेट त्याच्या आईच्या पोटापर्यंत ओढता येत नाहीत, हे मी जाणतो. घराण्याचा वारसा असतो, वीस वर्षे यंत्रापुढे बसणे असते, तंबाखू असते. तरीही त्या बाईंच्या उत्तराने मी गप्प झालो.

पुण्याच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे. आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी बाळाच्या आकाराचा तितका संबंध दिसला नाही, जितका हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी दिसला. तांदुळजा, मेथी, चुका, शेवग्याचा पाला हे आपल्या बांधावरचे धन आहे. आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीचीही वाण नाही. वाण आहे ती घरच्या सुनेच्या ताटात ते वाढले जाण्याची. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला पातेल्यातला रस्सा येतो, पाला आधीच संपलेला असतो.

त्याच अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश आयांच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी निघाले. ज्यांच्या रक्तात ब१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनरोध सर्वांत अधिक होता. यावरून कोणी गरोदरपणातली फोलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी आवश्यकच आहे. घ्यायचा बोध तो दुसराच : ब१२ फक्त दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते, आणि शाकाहारी घरातल्या मुलींनी लग्नाच्या आधीच ते एकदा तपासून घ्यावे. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांचेही ब१२ घटते. हातापायांच्या मुंग्यांना प्रत्येक वेळी साखरच कारण असते असे नाही.

आता एक दिलासा. स्नायूंची दारे उघडण्यासाठी इन्सुलिनची दवंडी हा एकच मार्ग नाही. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या आतच एक वेगळा निरोप तयार होतो. इंधन संपत आले आहे हे ओळखणारे एक प्रथिन जागे होते आणि तीच दारे वर आणते. ग्राही ऐको न ऐको, चालणाऱ्या मांडीत साखर शिरते. शिवाय व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायूंना इन्सुलिनचा निरोपही अधिक चांगला ऐकू येतो. म्हणून जेवणानंतरची पंधरा-वीस मिनिटांची चाल ही नुसती शतपावली नव्हे, ते एक औषध आहे. मात्र ते रोज किंवा एक दिवसाआड घ्यावे लागते, रविवारी एकदम घेऊन चालत नाही. आणि आपल्यासारख्या उपजतच कमी स्नायूंच्या माणसांनी नुसते चालून भागवू नये. उठाबशा, जिना, पाण्याच्या बादल्या, भिंतीला हात टेकून जोर, जे झेपेल ते करून स्नायू वाढवावेत. गिऱ्हाईक मोठे झाले, की माल पडून राहत नाही. पाय बधिर असतील, छातीत दुखत असेल, डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झालेला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

याच्या उलट निरोप देणारेही रेणू असतात. ताप, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, काळजी, जागरण यांत शरीर कॉर्टिसॉल सोडते. हा रेणू दारावर थांबत नाही, आवरण ओलांडून थेट पेशीच्या केंद्रापर्यंत जातो आणि यकृताला साखर बनवायला लावतो. गुडघेदुखीवर 'हमखास गुण' म्हणून गावोगाव विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत त्याच जातीचे स्टिरॉइड मिसळलेले असते. पहिल्या आठवड्यात गुडघा हलका होतो, सहा महिन्यांत चेहरा गोल होतो आणि साखर चढते. अशी पुडी अनेक दिवस घेतली असेल तर ती एकाएकी बंदही करू नये. शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे सोडून दिलेले असते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे यावे आणि ती हळूहळू कमी करावी.

आणि इन्सुलिनविषयी दोन शब्द. 'इन्सुलिन लागले म्हणजे संपले,' असे रुग्ण म्हणतात. अहो, जे आपले स्वादुपिंड तीस-चाळीस वर्षे बिनबोभाट देत होते तेच आपण बाहेरून देतो. साखळी ढिली असेल तर निरोप मोठ्याने द्यावा लागतो, इतकेच. शिंपीदादांनी पहिले सहा महिने इन्सुलिन घेतले. जखम भरली, चालणे वाढले, वजनही चार किलोने वाढले, आणि त्यातले बरेचसे मांडीला लागले. पुढे कित्येक वर्षे गोळ्यांवर भागले. अलीकडे पुन्हा रात्रीचे एक इंजेक्शन सुरू केले आहे, त्याचा त्यांना विषाद वाटत नाही.

तपासणी कोणी करावी? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, की आपल्याकडच्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे आणि १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, अंगावर मांस असो वा नसो, एकदा तरी साखर पाहून घ्यावी. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह, आणि तो दुसऱ्या तपासणीने पक्का करून घ्यावा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत हेच आकडे ५.७ आणि ६.५ असे आहेत. पंडुरोग असेल तर ती तपासणी फसवू शकते, आणि आपल्या बायकांत पंडुरोग फार, हे लक्षात असू द्यावे. गरोदर स्त्रीला पहिल्याच भेटीत आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात. १४० किंवा त्याहून अधिक आली तर लगेच उपचार सुरू करावेत, कारण त्या वेळी एका तपासणीत दोन माणसे असतात.

घरच्या घरी करण्याजोगी तपासणी म्हणजे कमरेची फीत. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांपेक्षा, आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साडेएकतीस इंचांपेक्षा जास्त नसावी. वजन कितीही कमी असले तरी.

ही फीत मला शिंपीदादांनी शिकवली, असे म्हटले तरी चालेल. पायाची बोटे गेल्यानंतर दोनेक वर्षांनी ते एकदा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही जे पोटाचं सांगता ना, ते मी रोज बघतो. किडकिडीत गिऱ्हाईक दर दिवाळीला येतं. मांडीचं माप तेच, दंडाचं तेच, कंबर तेवढी इंचाने वाढवून मागतं." इतका नेमका रोगनिदानाचा पाठ मला कोणत्याही परिषदेत मिळालेला नाही. मी त्यांना एवढेच शिकवले, की विजार बसते तिथे मोजू नका, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. तेव्हापासून तयार कपड्यांच्या या दिवसांतही जी चार गिऱ्हाइके त्यांच्याकडे टिकून आहेत, त्यांतल्या साडेपस्तीसच्या पुढच्यांना ते माझ्याकडे धाडतात. चिठ्ठीवर नाव आणि इंच, बाकी काही नाही. अशा चिठ्ठ्या घेऊन आलेल्यांत साखर वाढलेली निघाल्याची उदाहरणे माझ्या वहीत बरीच आहेत, आणि त्यांतल्या कोणाचाही अंगठा अजून काळा पडलेला नाही.

गेल्या दिवाळीला मी त्यांच्याकडे विजार शिवायला टाकली. त्यांनी फीत लावली, मला श्वास सोडायला सांगितला, आकडा पाहिला आणि नेहमीसारखा मोठ्याने न उच्चारता मुकाट्याने वहीत लिहिला. मग चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला.